सासूबाईंनी दिलेला शब्द

माझ्या लग्नाची बोलणी बोरीवलीला आमच्या दोन खोल्यांच्या घरात झाली. एका बाजूला एकटे बाबा, दुसऱ्या बाजूला गोराईहून आलेल्या सासूबाई. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. सासरेही नव्हते. मी आणि माझा होणारा नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभे होतो. आम्ही दोघं अंधेरीला एमआयडीसीत एकाच इमारतीत कामाला. मी औषधांच्या कंपनीच्या ऑफिसात, तो खालच्या मजल्यावर कुरिअरवाल्यांकडे. तिथल्या चहाच्या टपरीवर आमचं जमलं. तो गोराईच्या गावातला कॅथलिक, आणि आम्ही मालवणकडचे.

बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर एका शाळेत शिपाई म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांना राग आला की ते बोलायचे थांबत. मी लग्नाचं सांगितल्यापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी स्वतः चहा केला, कपबशी सासूबाईंपुढे ठेवली आणि म्हणाले, "मुलगा चांगला आहे. माझं काही म्हणणं नाही. एकच सांगायचंय. हिचा धर्म बदलायचा नाही."

सासूबाई लाल चौकड्याचं लुगडं नेसून आल्या होत्या, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. येताना शेतातल्या वांग्यांची पिशवी आणली होती. त्यांनी कप खाली ठेवला. "दादा, आमच्या घरात तिला कोनी सांगनार नाय. माझा शब्द हाय."

"आज नाही, पण पुढे?"

"पुढं पन नाय. मी जिती हाय तवर नाय."

बाबांनी मान हलवली. मग उठून आतून नारळ आणला आणि सासूबाईंच्या ओटीत घातला. विधवेची ओटी कोण भरतं? पण बाबांनी भरली, आणि सासूबाईंनी पदर पसरून ती घेतली. तेवढ्यावर माझं लग्न ठरलं.

चर्चमध्ये लग्न लागलं. नवरा कॅथलिक आणि बायको बाप्तिस्मा न झालेली असली तर बिशपांची परवानगी लागते, ती फादरांनी आणवली. मी हिरवा चुडा भरून वेदीपुढे उभी राहिले. बाबा पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते, एखाद्या परक्या ऑफिसात काम होण्याची वाट बघत बसावं तसे.

गोराईला आल्यावर दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी विचारलं, "तुझा देव कुठं ठेवशील?"

मी बॅगेतून आईचा छोटा गणपती आणला होता, पण बाहेर काढायची हिंमत होत नव्हती. सासूबाईंनी स्वयंपाकघरातल्या फळीवरचा मसाल्याच्या बाटल्यांचा एक कप्पा रिकामा केला, फळी ओल्या फडक्यानं पुसली. "इथं ठेव. मसाल्याचा वास चालेल ना त्याला?" आम्ही दोघी हसलो. बाहेरच्या खोलीत मारियामाता आणि येशूची मोठी तसबीर, आत स्वयंपाकघरात माझा गणपती. त्यावरून कधी वाद झाला नाही.

माझा दिवस लाँचनं सुरू व्हायचा. खाडी ओलांडली की रिक्षा, मग लोकल, पुढे मेट्रो आल्यावर मेट्रो, मग अंधेरी. रविवारी मात्र मी सासूबाईंबरोबर मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायला लागले. कारण अगदी साधं होतं. त्यांचे गुडघे दुखायचे आणि चर्चच्या पायऱ्या चढताना त्यांना हात लागायचा. नवऱ्याचा उपयोग नव्हता. तो मिस्सेला यायचा खरा, पण प्रवचन सुरू झालं की गावातल्या इतर पुरुषांबरोबर बाहेर झाडाखाली जाऊन उभा राहायचा. मी शेवटच्या बाकावर बसे. मिस्सा मराठीत असल्यानं सगळं कळायचं. कळायचं म्हणजे शब्द कळायचे. लोक उठले की उठायचं, बसले की बसायचं. ख्रिस्तप्रसाद बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळतो, म्हणून त्या वेळी सगळे रांगेनं पुढे जात आणि मी एकटी बाकावर राहायची. तेव्हा काही वाटत नसे. परक्याच्या घरी पंगत बसली की आपण बाजूला थांबतो, तसंच ते.

लग्नाला काही वर्षं झाल्यावर मला दिवस राहिले. पाचव्या महिन्यात बाळ गेलं. बोरीवलीच्या दवाखान्यात, सकाळी. मुलगा होता एवढं नर्सनं सांगितलं. मला दाखवला नाही, मीही मागितला नाही.

सगळे माझ्याशी चांगलेच वागले. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणाल्या, "अगं, तरुण आहेस, विसरून जा." बाबा दवाखान्यात आले, माझ्या पायापाशी बसून राहिले. जाताना म्हणाले, "मनात धरू नकोस. दुसरं होईल." सगळ्यांना मला लवकर बरं करायचं होतं. मला मात्र कोणीतरी त्याच्याबद्दल एक वाक्य तरी बोलावं असं वाटत होतं. त्याला नाव नव्हतं, त्याचा फोटो नव्हता, त्याचं बारसं नाही की तेरावं नाही. मी रडायला लागले की लोक विषय बदलायचे.

घरी आल्यावर शेजारच्या बायका संध्याकाळी ओटीवर जमल्या. मला कोणी काही विचारलं नाही. त्यांनी हातात माळा घेऊन रोझरीची प्रार्थना म्हणायला घेतली. मी आत खाटेवर पडून ऐकत होते. तेच तेच शब्द, पुन्हा पुन्हा. आधी कंटाळा आला, मग त्या आवाजाची सवय झाली, मग झोप लागली. रोज संध्याकाळी त्या येत, रोझरी म्हणत, उकडलेले चणे खात आणि जात.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा दिवस असतो. गावातला प्रत्येक माणूस त्या दिवशी सिमेत्रीत जातो. थडगी धुऊन काढतात, झेंडूची फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. सासूबाईंबरोबर मीही फुलांची परडी घेऊन गेले. सासऱ्यांच्या थडग्यावर त्यांनी एक मेणबत्ती लावली, स्वतःच्या सासूसाठी दुसरी. मग थडग्याच्या कोपऱ्यात तिसरी लावली, इतरांपेक्षा लहान.

मी विचारलं, "आई, ही कोणाची?"

"आपल्या बालाची."

सासूबाई वाऱ्यापासून ज्योत हातानं झाकत म्हणाल्या, "पूर्वी बाप्तिस्मा नाय झालेली पोरं इथं आत घेत नव्हते. भिंतीच्या भायेर पुरायचे. मना ते कवा पटलंच नाय. देवाला काय कागद दाखवायला लागतो? आजाच्या मांडीवर बसलाय तो. तू नको काळजी करू."

मी तिथंच, ओल्या मातीत बसले आणि रडले. आजूबाजूला गाव होतं. कोणी विषय बदलला नाही. एक म्हातारे गृहस्थ जाता जाता थांबले, कोपऱ्यातली छोटी मेणबत्ती पाहिली, हातानं क्रूसाची खूण केली आणि पुढे गेले. माझ्या मुलासाठी कोणा परक्यानं केलेली ती पहिली प्रार्थना.

त्या दिवशी माझ्यात काही बदललं असं मी म्हणणार नाही. तसं एका दिवसात होत नाही, निदान माझं झालं नाही. आम्हाला पुढे मूल झालं नाही. दोन-तीन वर्षं डॉक्टरांकडे खेपा घातल्या, मग थांबलो. रविवारी मी जात राहिले, आता मात्र सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी नाही. मिस्सेत बायबलमधून वाचतात त्या गोष्टी मी आधी नुसत्या ऐकायचे, आता त्या दिवसभर डोक्यात राहायला लागल्या. मेट्रोत उभी असताना, ऑफिसात डबा उघडताना. क्रूसावरच्या देवाकडे बघायची मला आधी भीती वाटायची. आमच्या घरचे देव हसरे, सजवलेले. हा रक्तानं माखलेला. आणि कधीतरी माझ्या लक्षात आलं की याच्यासमोर मला हसरा चेहरा करून बसावं लागत नाही. मग ख्रिस्तप्रसादाच्या वेळी बाकावर एकटी राहताना वाईट वाटायला लागलं. मी त्या घरात आता पाहुणी नव्हते, तरी पंगतीबाहेर होते.

नवऱ्याला सांगितलं तर तो घाबरलाच. "माझ्यासाठी करू नकोस हां. गावातलं कोणी बोललं का तुला?"

"कोणी नाही बोललं. आणि तुझ्यासाठी कशाला करू? तू तर झाडाखाली उभा असतोस."

तो हसला. मग म्हणाला, "मग आईला सांग. तिला काय आनंद होईल!"

मलाही तसंच वाटलं होतं. सासूबाई अंगणात सुका जवळा निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि सांगितलं. त्यांचे हात थांबले. चेहऱ्यावर आनंद आला नाही. उलट त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या.

"नको गं पोरी."

"का?"

"मी तुझ्या बापाला शब्द दिलेला हाय."

"तुम्ही मला काही सांगितलं नाहीत आई. माझं मला वाटलं."

"ते देवाला ठाव. तुझ्या बापाला कसं कळनार? तो म्हनेल, म्हातारीनं गोड बोलून पोर फिरवली." त्यांनी जवळ्याचं सूप बाजूला सारलं. "माझ्या पोटात काय होते, तुला काय सांगू! तू माझ्या शेजारी बसून प्रसाद घ्यावा असं मना कवाचं वाटते. कवा बोलले? नाय बोलले. पन आधी तुझ्या बापाकडं जा. तो मोकलं करेल तर करू. नायतर तू आहेस तशी देवाला चालते."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर थांबायचं," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा जवळा निवडायला लागल्या.

मला राग आला होता. चाळिशीला आलेल्या बाईनं देवाकडे जायला बापाची परवानगी का घ्यावी? पण त्या परवानगीबद्दल बोलतच नव्हत्या. त्या स्वतःच्या शब्दाबद्दल बोलत होत्या. आणि तो त्यांनी माझ्यासाठीच दिला होता, माझं लग्न व्हावं म्हणून.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी लाँच पकडून बोरीवलीला गेलो. बाबांनी दार उघडलं आणि आम्हा दोघींना एकत्र पाहून विचारलं, "काय झालं? सगळे बरे आहेत ना?"

मी बोलायला सुरुवात केली. तयारी केलेलं सगळं विसरले. बाळाचं सांगायचं होतं, मेणबत्तीचं सांगायचं होतं, तोंडातून एवढंच आलं, "बाबा, मला बाप्तिस्मा घ्यायचाय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. मनातलं बोलायचं असलं की ते मालवणीवर येत. "बाय, तुमी माका शब्द दिल्लो."

"दिला होता दादा. अजून हाय. म्हनून तर तिला घेऊन तुमच्या दारात आले. तुमी नाय म्हना, ती नाय करनार."

"मग मी नाय म्हणतंय."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. एवढंच. वाद नाही, समजूत घालणं नाही. मी उठून गॅलरीत गेले. आतून बाबांचा आवाज आला, "चाय घेतास काय?" आणि सासूबाईंचा, "साखर कमी टाका, मना डायबेटीस हाय."

परतीच्या लाँचमध्ये मी तोंड फिरवून पाण्याकडे बघत बसले. त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि धक्का येईपर्यंत सोडला नाही.

त्या वर्षी गणपतीला मी नेहमीसारखी बाबांकडे गेले. दीड दिवसाचा गणपती असतो. मी मोदक केले, बाबांनी आरती केली. सगळं झालं, पण मध्ये काहीतरी पडून राहिल्यासारखं होतं. ते मला विचारत नव्हते आणि मी सांगत नव्हते.

दसऱ्यानंतर बाबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डोळ्यात वेळेवर थेंब घालायला घरी कोणीतरी हवं. मी रजा काढून बोरीवलीला राहायचं म्हणत होते. सासूबाईंनी मोडता घातला. "तू किती दिवस रजा काढशील? त्यांना इकडं घेऊन ये. मी घरातच असते."

बाबा येणार नाहीत अशी माझी खात्री होती. पण डॉक्टरांनी खाली वाकायचं नाही, स्वयंपाक करायचा नाही असं बजावल्यावर त्यांचा नाइलाज झाला. काळा चष्मा लावून, माझ्या नवऱ्याचा हात धरून ते लाँचमधून उतरले. लग्नानंतर पहिल्यांदाच ते आमच्या घरी मुक्कामाला येत होते.

सासूबाईंनी त्यांची खाट बाहेरच्या खोलीत लावली होती आणि त्यावरच्या भिंतीवरची येशूची तसबीर काढून आतल्या खोलीत नेली होती. बाबांनी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. "इथं काय होतं?"

"तसबीर होती."

"मग काढलीत कशाला? त्याचं घर आहे. लावा परत." आणि ती लागेपर्यंत ते खाटेवर बसले नाहीत.

मी कामाला गेल्यावर दिवसभर ते दोघंच असत. संध्याकाळी घरी आले की दोघांच्या तक्रारी ऐकायला मिळत. "तुझा बाप थेंब घालताना डोळा मिटतो." "तुझी सासू माशाच्या आमटीत तिरफळ घालत नाही, ही काय आमटी झाली?" सासूबाई म्हणत, "मग तुमी करा." बाबा म्हणत, "डॉक्टरांनी वाकायला बंदी केलीय." संध्याकाळी सासूबाई रोझरी म्हणायला बसल्या की बाबा ओटीवर जाऊन बसत. दोन-तीन दिवसांनी ते आतच बसू लागले. गप्प बसून ऐकत. एकदा संपल्यावर म्हणाले, "आमच्या भजनापेक्षा लांबते तुमची."

मृतांचा दिवस आला तेव्हा बाबा आमच्याकडेच होते. सासूबाईंचे गुडघे त्या दिवशी फार धरले होते. मी निघाले तशी त्या बाबांना म्हणाल्या, "दादा, तुमी जाता का पोरीबरोबर? फुलांची परडी धरायला."

आम्ही बापलेक सिमेत्रीत गेलो. उन्हं उतरली होती. सगळी थडगी झेंडूनं पिवळी झाली होती. बाबा काळ्या चष्म्यातून इकडेतिकडे बघत होते. मी सासऱ्यांची मेणबत्ती लावली, आजेसासूंची लावली, आणि कोपऱ्यातली छोटी लावली.

"ही कोणाची?" बाबांनी विचारलं.

"माझ्या मुलाची."

बाबा उभेच राहिले. मला वाटलं, चिडले. मग त्यांनी परडी खाली ठेवली. डॉक्टरांची बंदी विसरून ते वाकले आणि माझ्याशेजारी बसले.

"तुझ्या आधी एक झिल होतो," ते म्हणाले. झिल म्हणजे मुलगा. मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. आईनं मला हे कधी सांगितलं नव्हतं.

"गावाक झालो. दोन दिस जगलो. मीच नेलंय त्येका, फडक्यात गुंडाळून. फणसाखाली." त्यांनी चष्मा काढला. मी म्हटलं, "बाबा, चष्मा काढू नका, धूळ जाईल." त्यांनी ऐकलं नाही. "तुझी आई विचारी, खंय ठेवलास? मी सांगलंय नाय. म्हटलं, विसरात. ती विसरली नाय. मरेपर्यंत विसरली नाय. आणि मी तुका पण तांच सांगलंय, दवाखान्यात. दुसरा होयत म्हणून."

मी परडीतून एक मेणबत्ती काढली आणि त्यांच्या हातात दिली. दोन काड्या विझल्या, तिसरी पेटली. त्यांनी ती माझ्या मेणबत्तीला लागून मातीत रोवली. आम्ही बराच वेळ बसलो. त्यांच्या त्या मुलालाही नाव नव्हतं, हे मी नंतर विचारलं तेव्हा कळलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी त्यांच्या डोळ्यात थेंब घातले. "लाल झालाय डोळा. रडलात काय?"

"धूळ गेली."

"धुलीला किती पानी आलंय बघा."

बाबा खाटेवर आडवे होते, डोळे मिटलेले. तसेच पडून म्हणाले, "बाय, तुमचो शब्द तुमका परत देतंय."

सासूबाईंच्या हातात थेंबांची बाटली होती. त्यांना आधी कळलं नाही. मला कळलं. मी दारात उभी होते.

"मी तुमका बांधून घातलंय. आता सोडतंय. तिका काय व्हया तां करांदे." मग त्यांनी डोळे उघडून मला शोधलं. "पण नाव मी ठेवलंय. माझ्या आवशीचा नाव आसा तां. तां बदलूचां नाय."

"नाही बदलणार, बाबा," मी म्हटलं. सासूबाई बाटलीचं टोपण लावायला बघत होत्या आणि ते त्यांना लागतच नव्हतं. मग त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

नावाची मला काळजी होती, पण फादर म्हणाले की बदलायची गरजच नाही. फादर तरुण होते, वसईकडचे. त्यांनी मला आठवड्यातून एकदा शिकवायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही काय सोडायला आला आहात, आणि काय घ्यायला?" मी म्हटलं, "सोडायला काही आलेले नाही." त्यांनी त्यावर प्रवचन दिलं नाही. म्हणाले, "काही सोडावं लागेल. काय ते आपण दोघं मिळून बघू." फळीवरच्या गणपतीचा प्रश्न तिथं आला. पूजा एकाचीच करायची, हे मला पटलं होतं, पण आईची मूर्ती कपाटात कोंडायचीही नव्हती. शेवटी मी तो बाबांना दिला. बाबांनी तो देव्हाऱ्यात ठेवला, म्हणाले, "आईकडे आला परत." फळीची ती जागा रिकामी झाली त्या दिवशी मला भरून आलं. सासूबाईंनी बरेच दिवस तिथं मसाल्याची बाटली ठेवली नाही.

गावातली एक बाई म्हणाली, "आता टिकली पण काढशील ना?" मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या कपालावर काय हाय ते तू बघ." टिकली राहिली. फादरांचंही काही म्हणणं नव्हतं.

ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी बाप्तिस्मा झाला. सासूबाई माझ्या धर्ममाता, म्हणजे माझ्याबरोबर उभं राहून माझी जबाबदारी घेणाऱ्या. बाबा दुपारच्या लाँचनं आले, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. चर्चच्या दारात त्यांनी चपला काढल्या. तिथं कोणी चपला काढत नाही. बाबांनी आजूबाजूला पाहिलं, सगळ्यांच्या पायात वहाणा, आणि ते अवघडले. पुन्हा घालाव्या की राहू द्याव्या, कळेना. सासूबाई माझ्याबरोबर पुढे चालल्या होत्या. त्या मागं वळल्या, बाबांपाशी गेल्या, गुडघ्यावर हात ठेवून स्वतःच्या चपला काढल्या आणि त्यांच्या चपलांशेजारी ठेवल्या. माझ्या नवऱ्यानं बूट काढले. मग मीही काढल्या. आम्ही चौघं अनवाणी आत गेलो.

डोक्यावर पाणी पडलं तेव्हा ते इतकं गार होतं की मी दचकले. सासूबाईंचा हात माझ्या खांद्यावर होता. फादरांनी माझं नाव घेतलं, माझ्या आजीचं नाव. मी वळून पाहिलं. बाबा पहिल्या बाकावर होते. हाताची घडी नव्हती. ते हात जोडून उभे होते, आणि ते कोणाला जोडले होते हे मी त्यांना कधी विचारलं नाही. नवरा त्या दिवशी झाडाखाली गेला नाही. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत मी सासूबाईंच्या मागं होते. परत बाकावर आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, नुसतं सरकून जागा केली.

त्यानंतरच्या गणपतीला मी बाबांकडे मोदक करायला गेले. माझी मलाच धास्ती होती. आरतीला उभं राहायचं का, हात जोडायचे का? बाबांनीच मार्ग काढला. आरती सुरू व्हायच्या आधी ते स्वयंपाकघरात आले. "तू हयच थांब. मोदक गरम ऱ्हवांक होये. आरती मी बघतंय." मी मोदकपात्राशी उभी राहून बाहेरच्या टाळ्या ऐकल्या. लहानपणापासूनची ती आरती मला तोंडपाठ होती. आतल्या आत शब्द येत होते, ते मी थांबवले नाहीत. ते माझ्या बापाचे शब्द होते. वाईटही वाटलं. या बदलाची किंमत मोजावी लागली नाही असं मी म्हणू शकत नाही. एका घरात मला जागा मिळाली, दुसऱ्या घरात मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. पण दार उघडं होतं, आणि बाबा मध्ये दोनदा डोकावून गेले.

आता बाबा महिन्यातून एकदा तरी गोराईला येतात. तिरफळं बरोबर आणतात. सासूबाई ती आमटीत घालतात आणि वर म्हणतात की चव बिघडली. यंदा उपवासकाळात ते आले तेव्हा ताटात नुसती वालाची भाजी आणि भात बघून हिरमुसले. ईस्टरपर्यंत सासूबाई मांस-मासळी काहीच खात नाहीत.

"म्हणजे हा तुमचा श्रावण," बाबा म्हणाले.

"श्रावन म्हना."

"मग पाहुण्यांना पण श्रावण?"

"पाहुन्याला नाय. पन तुमी कुठं पाहुने?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी काही मदत करत नाही असं दिसल्यावर पाट ओढून बसले आणि म्हणाले, "वाढा मग. वाल तरी जास्त वाढा."

सासूबाईंनी पळीभर वाढले, आणि न विचारता आणखी पळीभर.